रात्रीचे ओलीत आणि शेतकऱ्याची झोप

मोटेच्या काळात ओलिताला एक स्वाभाविक मर्यादा होती. बैलजोडी पहाटे जुंपली म्हणजे ऊन चढेपर्यंत चाले, मग सुटे आणि उतरत्या उन्हात पुन्हा जुंपली जाई. बैल थकला की मोट थांबे, व मोट थांबली की दारे धरणाराही बांधावर टेके. विजेच्या पंपाने हे बंधन दूर केले. मोटारीला विश्रांती लागत नाही. परंतु पाटातले पाणी सरीत आणि एका सरीतून दुसऱ्या सरीत वळविणारा माणूस तोच राहिला. त्याच्या विश्रांतीचा विचार या नव्या व्यवस्थेत फारसा झालेला नाही. तो या लेखात करावयाचा आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. तापीच्या उत्तरेस शहादा व तळोदा आणि दक्षिणेस नंदुरबार या तालुक्यांत काळ्या, भारी जमिनीचा सलग पट्टा आहे. केळी, पपई, ऊस, मिरची व कापूस ही तेथील बागायती पिके विहिरी व कूपनलिकांवरील पंपांच्या आधाराने उभी आहेत. प्रकाशा व सारंगखेडा येथील बॅरेजमुळे तापीच्या पात्रातही पाणी अडले आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरी भागात पंप थोडे. परंतु तेथील माणसे सालदार किंवा हंगामी मजूर म्हणून सपाटीवर उतरतात, आणि रात्रीचे पाणी भरण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याच वाट्यास येते. म्हणून हा प्रश्न केवळ बागायतदारांचा आहे असे समजू नये.

रात्रीची पाळी का आली, हे प्रथम ध्यानात घ्यावे. रात्री उशिरा घरे, दुकाने व कारखाने यांची विजेची मागणी उतरते आणि वीज शिल्लक राहते. ती कृषी पंपांकडे वळविण्यात आली. एकाच वेळी सर्व पंप चालले तर तारा व रोहित्रे यांना भार पेलवत नाही, म्हणून वाहिन्यांच्या पाळ्या लावण्यात आल्या. आठवड्यातील काही दिवस दिवसा आठ तास व उरलेले दिवस रात्री दहा तास थ्री फेज वीज, असा क्रम महाराष्ट्रात अनेक वर्षे चालत आला. विजेच्या हिशेबात ही व्यवस्था बरोबर बसते. शेतकऱ्याच्या घरी तिचा अर्थ वेगळा होतो. वीज रात्री दहाला येणार म्हणून माणूस जागा राहतो. ती बाराला येते. दोनला एक फेज जातो व चारला परत येतो. पंप चालला तेवढाच वेळ तो जागा असतो असे नाही, पंपाची वाट पाहण्यातही रात्र जाते.

प्रौढ माणसास रोज सुमारे सात तास सलग झोप हवी. रात्र गेली म्हणजे दिवसा ती भरून काढू, असे आपण म्हणतो. पण पत्र्याच्या घरात, मुलांच्या गलबल्यात आणि उन्हाच्या काहिलीत तशी झोप लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या जागरणानंतर डोके जड होते, राग लवकर येतो, हातून काम चुकते. असाच माणूस सकाळी पाठीवर पंप घेऊन फवारणीस जातो, औषधाचे माप करतो, मोटारसायकलवर दूध पोहोचवितो. अपघात झाला म्हणजे आपण औषधास वा रस्त्यास बोल लावतो. आदल्या रात्रीची चौकशी कोणी करीत नाही. पुष्कळ घरांत बॅटरी धरण्यास घरधनीणही बरोबर जाते, आणि पहाटे तिला चूल चुकत नाही.

रात्रीच्या पाण्याचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. रात्री ऊन-वारा नसल्याने बाष्पीभवन कमी होते. ठिबकाखालील पिकास हा लाभ खरोखर मिळतो. मोकळ्या पाण्याने भरावयाच्या शेतात तो बहुधा हातचा जातो, कारण अंधारात सरी कोठे फुटली हे दिसत नाही, डुलकी लागते आणि पाणी शेवटच्या वाफ्यात साचून राहते. पपईच्या बुंध्याशी पाणी साचले म्हणजे मूळकूज व बुंधासड बळावते. मिरचीलाही मर लागते. ज्या शेतात खोलगट कोपऱ्यातील झाडे दरवर्षी मरतात, तेथे रोगावरील औषधाआधी पाणी केव्हा व कोण भरतो याची चौकशी गावपातळीवरील कार्यकर्त्याने करावी.

पाण्याचे माप

रात्रीची पाळी कमी करावयाची तर आपला पंप किती पाणी देतो हे आधी कळले पाहिजे. दोनशे लिटरचे रिकामे पिंप पंपाच्या तोंडाशी ठेवून ते किती सेकंदांत भरते ते मोजावे. समजा पंचवीस सेकंद लागले. तर प्रवाह सेकंदास ८ लिटर, म्हणजे तासाला २८,८०० लिटर झाला. एक एकरावर सर्वत्र पाच सेंटिमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे दोन लाख लिटर लागतात. या पंपाला त्यासाठी सात तास हवेत. म्हणजे मोकळ्या पाण्याने एका पाळीत जेमतेम एक एकर भिजतो. ज्याची चार एकर बागायत आहे त्याला रात्री जाण्यावाचून गत्यंतर का उरत नाही, हे या गणितावरून दिसेल.

आता त्याच पंपावर ठिबक घेऊ. पपई सहा फूट बाय सहा फूट अंतरावर लावली असता एकरी सुमारे १,२०० झाडे बसतात. प्रत्येक झाडास तासाला चार लिटरचे दोन ड्रीपर दिले, तर एकरास तासाला ९,६०० लिटर लागतात. ठिबकाच्या दाबामुळे पंपाचा प्रवाह काहीसा घटतो हे धरले, तरी दोन एकर एका वेळी सहज चालतात. झाडास दहा लिटर द्यावयाचे झाल्यास सव्वा तास पुरतो. दहा लिटर हा आकडा केवळ उदाहरणापुरता आहे. झाडाचे वय व ऋतू पाहून तो ठरवावा. मुद्दा असा की चार एकरांचे पाणी अडीच तासांत, दिवसाउजेडी आणि बसल्या जागी उरकते. भारी काळ्या जमिनीत ओल टिकत असल्याने दिवसाच्या पाळीत मात्रा थोडी वाढवून रात्रीच्या दिवसांचा खाडाही भरून काढता येतो. हलक्या, मुरमाड जमिनीत हे साधत नाही. ठिबकाची जाहिरात पाणी वाचते व उत्पन्न वाढते अशी केली जाते, ती खोटी नाही. परंतु झोप वाचते हे तिसरे कारण कुटुंबातील स्त्रियांना अधिक लवकर पटते, असा विचार करून कार्यकर्त्यांनी ते आवर्जून सांगावे.

ज्यांच्याकडे शेततळे आहे त्यांनी रात्रीच्या विजेवर तळे भरून घ्यावे व दिवसा त्यातून पिकास द्यावे. तळे भरताना दारे धरावी लागत नाहीत. पंप आपोआप बंद करणारा टायमर बसविला म्हणजे झाले. मात्र प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार अत्यंत निसरडा असतो, आणि आत पडलेला माणूस पोहणारा असला तरी वर येऊ शकत नाही. भोवती कुंपण आणि चारही बाजूंनी पाण्यात सोडलेले गाठी मारलेले दोर असल्यावाचून तळे पूर्ण झाले असे मानू नये.

ऑटो स्विच, मोबाईल आणि सौर पंप

वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच गावोगावी लागलेला आहे. त्याने एकाची खेप वाचते, परंतु सगळ्यांचे नुकसान होते. वीज येते त्या क्षणी रोहित्रावरील सर्व पंप एकदम उठतात, भार न पेलल्याने रोहित्र जळते, आणि पुढील काही दिवस कोणाच्याच शेतास पाणी मिळत नाही. स्विच ठेवावयाचाच असेल तर प्रत्येक पंप काही मिनिटांच्या अंतराने सुरू होईल असा टायमर त्यास जोडावा, व प्रत्येक मोटारीस योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. त्याने तारांमधील प्रवाह कमी होतो व दाब सुधारतो. एका रोहित्रावरील सर्वांनी हे एकत्र बसून ठरविले तरच उपयोग होतो. एकट्याने केलेल्यास फारसे फळ नाही.

मोबाईलवरून चालणारा स्टार्टर ही अलीकडची सोय. घरी अंथरुणावरून पंप चालू-बंद करता येतो, वीज आली-गेली हेही कळते. ठिबक असलेल्या शेतकऱ्यास ती उत्तम. मोकळे पाणी भरणाऱ्यास मात्र तिचा मोह आवरावा, कारण दूरध्वनीने पंप सुरू होतो, सरी वळत नाही. शिवाय दर फेरबदलाला उशाशी घंटा वाजू लागली तर घरात असूनही झोप मोडतेच.

खरा पालट दिवसाच्या विजेने होईल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली व तिचा दुसरा टप्पा २०२३ साली हाती घेण्यात आला. वीज उपकेंद्राच्या परिसरात मोकळ्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्या उपकेंद्रावरील पंपांना दिवसा वीज द्यावयाची, अशी तिची योजना आहे. ज्या वाहिनीपर्यंत हे पोहोचलेले नाही, तेथे जमीन उपलब्ध करून देण्यात ग्रामपंचायतीस पुढाकार घेता येतो. वीजजोडणी नसलेल्यांसाठी २०२४ सालची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आहे. तीत लाभार्थ्याचा हिस्सा किमतीच्या दहा टक्के, तर अनुसूचित जाती व जमातींच्या शेतकऱ्यांसाठी पाच टक्के आहे. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच व त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षांची दुरुस्ती व विमा त्यात धरलेला आहे. आपल्या जिल्ह्यात आदिवासी शेतकऱ्यांची संख्या मोठी असल्याने पाच टक्क्यांची ही सवलत पाड्यापाड्यावर समजावून सांगावी. सौर पंपाचा प्रवाह सकाळी क्षीण, दुपारी जोरदार व संध्याकाळी पुन्हा क्षीण असतो. लांबलचक सऱ्या त्याने भरत नाहीत. आखूड सऱ्या वा ठिबक हवे. आणि ऊन फुकटचे आहे म्हणून दिवसभर पंप चालू ठेवला तर विहीर तळ गाठील.

रात्री जावेच लागले तर

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, चांगली बॅटरी व हातात काठी असल्यावाचून शेतात पाऊल टाकू नये. पाय आपटीत, काठी आपटीत चालावे. मोबाईलचा उजेड पुरत नाही. एकट्याने जाऊ नये. शहादा, तळोदा व अक्कलकुवा भागात उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर असतो. वाट पाहावयाची ती जमिनीवर निजून नव्हे, खाटेवर मच्छरदाणी खोचून पाहावी. मण्यार रात्रीच हिंडते व जमिनीवर झोपलेल्यास दंश करते. दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. स्टार्टरच्या पेटीपाशी कोरडी फळी वा रबरी चटई ठेवावी, पेटीस अर्थिंग असावे, ओला हात लावू नये. फ्यूज गेला म्हणून अंधारात स्वतः रोहित्रावर चढणे वा तेथे हात घालणे हे सर्वांत घातक होय. पाणी एक दिवस उशिरा दिले तर पीक मरत नाही.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. त्यांपैकी निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. पावसाने ताण दिला असता कापसास रात्री पाणी देण्यास जाणाऱ्याने म्हणून विशेष जपावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष लस चालते. साप मारून वा पकडून आणण्यात वेळ दवडू नये. दंश झालेल्यास धीर द्यावा, निजवावे, चालवू नये. अंगठी, कडे, जोडवी काढावीत. मोडलेल्या हाडास बांधतात तसा तो हात वा पाय कामट्या लावून सैलसर बांधावा. आवळपट्टी, चिरा देणे, चोखणे, बर्फ, झाडपाला हे काहीही करू नये. १०८ क्रमांकास कळवावे. गाडीस उशीर असेल तर मोटारसायकलवर चालक व मागचा माणूस यांच्या मध्ये रोग्यास बसवून दवाखाना गाठावा. पोटात दुखणे, पापण्या मिटू लागणे, हिरड्यांतून रक्त येणे, लघवी लाल होणे यांपैकी जे दिसेल ते, वेळेसह, डॉक्टरांना सांगावे. गावातील भगत वा बडवा यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांस आधीच भेटून, रोगी आला की तोंडपाठ मंत्र म्हणत का होईना, त्याच्यासोबत गाडीत बसण्याची विनंती करावी.

अपघात घडल्यास ज्याच्या नावे सातबारा आहे त्यास व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीस गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा आधार आहे. मृत्यू झाल्यास वारसांस दोन लाख रुपये मिळतात. सर्पदंश व विजेचा धक्का त्यात येतात. अर्ज विलंब न लावता तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा, व शवविच्छेदनास नकार देऊ नये. सालदाराच्या नावे मात्र सातबारा नसतो. वस्तुतः रात्री दारे धरण्यास जाणारा पुष्कळदा तोच असतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या कोणाही बँक खातेदारास वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो आणि त्याचे वर्ष १ जूनपासून धरले जाते. साल ठरविताना मालकाने सालदाराचे खाते उघडून हे वीस रुपये आपल्याकडून भरावेत व पावती त्याच्या घरी द्यावी. आपल्या गावातील किती सालदारांच्या घरी अशी पावती आहे, याची यादी कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच करून ठेवावी.