मूल आपल्याला सांगेल का?



कळव्यातील आपल्या अनेक घरांत आई आणि वडील दोघेही सकाळची लोकल पकडून कामाला जातात. मूल शाळेतून येते, शेजारच्या काकूंकडून किल्ली घेते आणि दिवेलागणीपर्यंत घरात एकटे असते. सोबतीला असतो मोबाईल. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळाच मोबाईलवर भरू लागली, तेव्हा तो आपणच मुलांच्या हाती दिला. अनोळखी माणसाला दार उघडू नकोस, हे आपण मुलांना बजावतो. परंतु मोबाईललाही एक दार आहे आणि ते दिवसभर उघडे असते, ह्याचा आपल्याला विसर पडतो. म्हणून आजच्या पाठात आपण ह्याच विषयावर विचार करणार आहोत.

हा रोग जुनाच आहे

1991 साली गोव्यात मडगाव येथे फ्रेडी पीट्स नावाच्या इसमाला अटक झाली. निराधार मुलांसाठी तो वसतिगृह चालवीत असे. पोलिसांना त्याच्याकडे मुलांची 2305 अश्लील छायाचित्रे सापडली. शीला बारसे ह्यांनी प्रकरणाचा पाठपुरावा केला आणि 1996 साली त्याला जन्मठेप झाली. पुढे 2003 साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. फिल्म धुताना मुलांची अश्लील चित्रे आढळली तर पोलिसांना कळवावे, असे बंधन त्यात छायाचित्रे धुणाऱ्यांवर घालण्यात आले.

त्या काळी फिल्म धुण्यासाठी कुठेतरी द्यावी लागे, म्हणजे तिसऱ्या माणसाची नजर पडण्याची शक्यता असे. आज चित्र काढायला आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायला काही क्षण पुरतात. मधली ती तिसरी नजर आता आपल्यालाच व्हायचे आहे.

फसवणूक कशी होते?

समजा, आठवीतला एक मुलगा मोबाईलवर गेम खेळतो. तिथे त्याच्याच वयाची म्हणवणारी एक 'मुलगी' ओळख काढते. त्याच्या खेळाचे कौतुक करते, गेममधली एखादी वस्तू भेट देते. मग व्हॉट्सॲप नंबर मागते. 'आपल्यातले कोणाला सांगू नकोस,' असे म्हणते. स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवते आणि त्याचा मागते. फोटो गेला की भाषा बदलते: पैसे पाठव, नाहीतर आणखी फोटो पाठव, नाहीतर हा फोटो तुझ्या शाळेत सर्वांना दाखवतो. मुलींच्या बाबतीतही क्रम असाच असतो. आता तर संगणकाच्या साहाय्याने साध्या फोटोवरून खोटे नग्न चित्रही तयार करता येते. म्हणजे मुलाने काहीही पाठवले नसले तरी त्याला धमकावता येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू या. मोबाईलवर गोड बोलणारा माणूस नेहमी परकाच असतो असे नाही. मुलांवरील अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो.

मूल का बोलत नाही?

ह्या गुन्हेगाराचे सगळे बळ एकाच गोष्टीत आहे: मूल घरी सांगणार नाही, ही त्याची खात्री. ती खात्री त्याला कोण देते? कधी कधी आपणच. 'बाबा मारतील, आई रडेल, मोबाईल काढून घेतील, शाळा बंद करतील,' असा विचार मूल करते आणि गप्प बसते. गप्प बसलेले मूल धमकावणाऱ्याच्या आणखी तावडीत सापडते.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. लहानग्यांना अडखळविणाऱ्यांविषयी प्रभू येशूने किती कठोर शब्द वापरले आहेत, हे आपण जाणतो. पण त्याच अध्यायात थोडे पुढे हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे. मेंढपाळ शोधायला निघतो आणि मेंढरू सापडल्यावर आनंद करतो. तू कळप सोडून का गेलास, असा जाब तो विचारीत नाही. कठोरपणा गुन्हेगारासाठी आहे, मुलासाठी नाही.

मुलाने सांगितले तर

1. प्रथम म्हणा, 'बरे केलेस सांगितलेस. चूक तुझी नाही.' मोबाईल हिसकावून घेऊ नका. तसे केले तर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही.

2. पैसे देऊ नका, नवे फोटो पाठवू देऊ नका. एकदा पैसे मिळाले की मागणी वाढतच जाते.

3. घाबरून संभाषण पुसून टाकू नका. समोरच्याचे नाव, नंबर, खाते, धमकीचे संदेश हा पुरावा आहे. तो जपा आणि मग ते खाते ब्लॉक करा.

4. मुलाचे चित्र नातेवाइकांना किंवा ग्रुपवर पाठवू नका. 'ह्या मुलाला ओळखता का?' अशा सद्हेतूनेही अत्याचाराची चित्रफीत पुढे ढकलू नका. अशी चित्रे पसरविणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67-ब नुसार गुन्हा आहे. हा मजकूर म्हणजे अत्याचाराचा पुरावा आहे. म्हणून त्याला 'पोर्नोग्राफी' म्हणू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितले.

5. तक्रार करा. मुलांसाठी 1098 ही मोफत हेल्पलाईन आहे. तिचा प्रारंभ 1996 साली आपल्या मुंबईतच झाला. तातडीच्या प्रसंगी 112 लावा. पैसे गेले असतील तर 1930. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही अशा मजकुराची तक्रार करता येते. 'टेक इट डाऊन' ह्या मोफत सेवेमुळे अठरा वर्षांखालील मुलाचे चित्र अनेक मोठ्या संकेतस्थळांवरून काढून टाकायला मदत मिळते आणि त्यासाठी ते चित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही.

'नाव जाईल' ह्या भीतीविषयी

'पोलिसांत गेलो तर लोक काय म्हणतील?' हा प्रश्न आपल्याला सतावतो. 2012 च्या पोक्सो कायद्याने त्याचा विचार केला आहे. मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या ठिकाणी, गणवेश नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. उलट, गुन्हा ठाऊक असूनही न कळविणे हाच गुन्हा आहे आणि संस्थाचालकांना त्यासाठी अधिक शिक्षा आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. दिरंगाईने संतापलेले लोक 20 ऑगस्टला रुळांवर उतरले आणि आपल्या मार्गावरील गाड्या तासन्‌तास खोळंबल्या. गप्प राहण्याची किंमत आपण त्या दिवशी पाहिली.

ख्रिस्तसभाही ह्यातून सुटलेली नाही, हे नम्रपणे मान्य करायला हवे. मुंबईतील एका धर्मगुरूला 2021 साली पोक्सो न्यायालयाने जन्मठेप ठोठावली. पोप फ्रान्सिस ह्यांनी 2019 साली काढलेल्या आदेशानुसार अशी घटना वरिष्ठांना कळविणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात, वेदीसेवकांमध्ये किंवा युवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही खटकले तर कोणाचाही मुलाहिजा न ठेवता बोला.

ह्या आठवड्यात घरी करण्यासाठी

एका संध्याकाळी जेवण झाल्यावर टीव्ही बंद ठेवा. मुलाला म्हणा, 'तू कोणता गेम खेळतोस, मला शिकव.' पंधरा मिनिटे त्याच्यासोबत खेळा. तिथे अनोळखी माणसे कशी बोलायला येतात, ते त्यालाच विचारा. शेवटी एवढेच सांगा: 'तुझ्या हातून काहीही घडले तरी आधी माझ्याकडे ये. मी रागावणार नाही.'

आणि मूल खरोखर आले, तर दिलेला शब्द पाळा.