घराचा उंबरठा आणि सरकारची नजर



थेरगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना एक गोष्ट आता अंगवळणी पडली आहे. खोली घ्यायची तर घरमालक आधार कार्डाची झेरॉक्स मागतो आणि पोलीस ठाण्यासाठी भाडेकरूचा अर्ज भरून घेतो. चाकणला ठेकेदाराकडे कामाला लागायचे तर पुन्हा आधार, पुन्हा बोटाचा ठसा. रेशनच्या दुकानात ठसा, चौकात कॅमेरा, मोबाईलचे सिम घेताना फोटो. याविषयी कोणी शंका काढली तर लगेच उत्तर मिळते, "ज्याने चोरी केली नाही त्याने भ्यायचे कशाला?"

हे उत्तर वरवर पाहता बरोबर वाटते. परंतु नुकताच धम्म स्वीकारलेल्या आपल्यासारख्यांनी ते तपासून पाहिले पाहिजे. तपासल्याशिवाय काही स्वीकारू नये, हेच तर आपण शिकलो आहोत.

सरकारने माणसाच्या घरात किती शिरावे, हा प्रश्न आपल्या या भागाला नवा नाही. पवनेच्या पलीकडे चिंचवडला चापेकर चौक आहे. आपण रोज तेथून जातो. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली सोल्जर घरोघर झडत्या घेऊ लागले. रोगी सापडला की इस्पितळात, घरची माणसे वेगळ्या छावणीत, सामान जाळून टाकलेले. त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, आणि ती झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. चापेकरांचे विचार आपले नव्हेत. ते सुधारकांचे कट्टर विरोधक होते, हेही येथे सांगितले पाहिजे. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनाही प्लेगनेच नेले. साथ खरी होती आणि उपायही हवेच होते. सावित्रीबाईही लोकांच्या घरात गेल्या आणि सोल्जरही गेले. पण एकीला लोकांनी दार उघडले, दुसऱ्याने ते ढकलले. उंबरठा ओलांडण्याच्या या दोन रीती आपण लक्षात ठेवल्या म्हणजे पुढचा विषय समजण्यास सोपा जाईल.

प्लेगच्या झडत्या काही महिन्यांच्या होत्या. पिढ्यान् पिढ्या चाललेली पाळत मात्र वेगळ्याच लोकांच्या वाट्याला आली. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. या कायद्याने काय केले? एखाद्या माणसाने गुन्हा केला आहे की नाही हे न पाहता त्याची सबंध जमातच गुन्हेगार ठरविली. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, भामटा यांच्या घरच्या माणसांची नावे पोलिसांच्या रजिस्टरात चढली. बोटांचे ठसे घेतले गेले. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना सांगून जायचे, परत आल्यावर पुन्हा सांगायचे. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली आणि तिच्यात मुले जन्माला आली. पाळण्यातल्या पोराने कोणती चोरी केली होती? "ज्याने चोरी केली नाही त्याने भ्यायचे कशाला" असे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे.

येथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. गावगाड्यात ही नजर ठेवण्याच्या कामी कोणाला जुंपले होते? पाटलाच्या हाताखाली रात्री गस्त घालणारा, गावात परका माणूस आला तर खबर देणारा, चोराचा माग काढणारा आपलाच वतनदार महार होता. स्वतः वेशीबाहेर राहायचे आणि दुसऱ्या वेशीबाहेरच्यांवर डोळा ठेवायचा, असे हे वतन! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बिल मांडले, त्यामागे वेठबिगार संपविण्याचा हेतू तर होताच. पण सरकारचा आणि पाटलाचा हुकमी हस्तक म्हणून जगण्यातून आपल्या माणसाला सोडविणे हेही त्यात आले.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून भटक्या-विमुक्तांमध्ये तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. परंतु पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ साली आला. जमातीचे नाव गेले, रजिस्टर राहिले. पिंपरीच्या भाटनगरातील जुन्या माणसांना विचारा, चोरी कोठेही झाली तरी पोलीस आधी कोणाच्या दारात येत असत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातील रजिस्टरांतून जातीचा रकाना काढून टाका असा आदेश द्यावा लागला. कागदावर एकदा चढलेली नोंद किती वर्षे जगते ते यावरून दिसेल.

आता घटनेकडे वळू. २४ मार्च १९४७ च्या आपल्या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांमध्ये एक कलम सुचविले होते. माणसाचा देह, त्याचे घर, त्याचे कागदपत्र आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होता कामा नये, आणि सबळ कारण असल्याशिवाय वॉरंट निघता कामा नये, असा त्याचा आशय होता. ते कलम मसुद्यात टिकले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी याच आशयाची दुरुस्ती घटना समितीत मांडली. फौजदारी कायद्यात अशी तरतूद आहेच, तरीपण ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर, घटनेत असणे उपयोगाचे आहे, असे म्हणून बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. मतदानात मात्र ती फेटाळली गेली. घटनेचे शिल्पकार तयार असूनही घराच्या रक्षणाचे हे कलम घटनेत आले नाही, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. उत्तर प्रदेशात खरकसिंग नावाच्या माणसाच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावीत. दरोड्याच्या खटल्यातून तो पुराव्याअभावी सुटला होता, तरी नाव रजिस्टरात होते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी बेकायदा ठरविल्या, पण खासगीपणाचा हक्क घटनेत नाही असेही म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदविले. ते मत खरे ठरण्यास २४ ऑगस्ट २०१७ ही तारीख उजाडावी लागली. कर्नाटकचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर बंधन घालायचे तर कायदा हवा, उद्देश योग्य हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा.

पुट्टस्वामींचा अर्ज मुळात आधारविरुद्ध होता. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. २०१८ च्या निकालात न्यायालयाने सरकारी सवलतींसाठी आधार कायम ठेवले. पण बँकेचे खाते, मोबाईलचे सिम आणि शाळेतील प्रवेश यांसाठी त्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. हे आपल्या किती जणांना कोणी समजावून सांगितले?

सरकार जे जे विचारते ते सगळेच पाळत असते असे मात्र समजू नका. जनगणनेचे उदाहरण घ्या. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे तुम्ही दिलेली माहिती गुप्त राहते. ती कोणाला पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे, तेथे धर्माच्या रकान्यात बौद्ध सांगण्यास कचरण्याचे काही कारण नाही. माणसे मोजणे वेगळे आणि एका माणसामागे लागणे वेगळे.

आणि धर्मांतर? नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंनी उघड्या मैदानात दीक्षा घेतली, मग आपण लपवायचे काय, असे कोणी विचारील. लपवायचे काहीच नाही. पण येवल्याची घोषणा १९३५ ची आणि दीक्षा १९५६ ची. मधल्या २१ वर्षांत बाबासाहेबांनी अभ्यास केला, निवड केली, आणि वेळ आली तेव्हा स्वतः होऊन जगाला सांगितले. स्वतः होऊन सांगणे आणि कलेक्टरपुढे आगाऊ अर्ज करून सांगणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हिमाचल प्रदेशच्या कायद्यात ३० दिवस आधी नोटीस देण्याचे कलम होते. २०१२ साली तेथील उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि आपली श्रद्धा स्वतःपाशी ठेवण्याचाही माणसाला हक्क आहे असे म्हटले. तरीही एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून बौद्ध होणाऱ्यांनाही जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल असे कळविले. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमली गेली. ओरड झाल्यावर काही दिवसांतच आंतरजातीय हा शब्द वगळला, आंतरधर्मीय राहिला. बौद्ध मुलाने हिंदू मुलीशी लग्न केले तर त्याला काय म्हणायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे!

पाळत आता दार ठोठावून येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने देशातील काही जणांना कळविले की तुमच्या फोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचे यंत्रतंत्र घुसविण्याचा प्रयत्न झाला. त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे होते आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोडही होते. ते बनविणारी इस्रायली कंपनी आपण फक्त सरकारांनाच विकतो असे सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. पाचांमध्ये घातक काही आढळले, ते पेगाससच होते असे सिद्ध झाले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही असे न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले. पुढे २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण केंद्र सरकार आपल्या संस्थांना त्यातून सूट देऊ शकते अशी सोय त्यातच ठेवली आहे.

दुसरे शील आपण रोज म्हणतो. न दिलेले घेणार नाही. पैसा, धान्य, वस्तू एवढ्यापुरताच आपण त्याचा अर्थ करतो. माणसाची माहिती हीही त्याचीच आहे. सम्राट अशोकाने आपल्या सहाव्या शिलालेखात सांगितले आहे की मी जेवत असो की अंतःपुरात असो, लोकांच्या कामाची खबर मला कोणत्याही वेळी द्यावी. दार उघडे ठेवायचे ते राजाने आपले! कौटिल्याने मात्र संन्याशाच्या वेषातील हेर लोकांमध्ये सोडायला सांगितले होते.

आपल्या हातात काय आहे ते पाहू. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने सरकारी कागद तुम्हीही मागू शकता. त्याचा अर्ज घरातील शिकलेल्या मुलीकडून लिहून घ्यावा. झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि कोणत्या कामासाठी दिली ते आडवे लिहून सही करावी. ओळख पटविण्यापुरतेच काम असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार काढून ते द्यावे, आणि ठसे लागत नसतील तेव्हा ते कुलूपबंद ठेवण्याची सोय आधारच्या ॲपमध्ये आहे. घरमालकाशी भांडू नये. पोलिसांचा अर्ज त्यालाही चुकत नाही. अर्जात नसलेला प्रश्न त्याने विचारला, तर हे कोठे लिहिले आहे ते दाखवा, एवढेच शांतपणे म्हणावे.