मोहरीच्या दाण्याचा आठवडा

मोराव्हियातील ख्रिस्ती धर्मगुरू व शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस (१५९२–१६७०) याच्या मते सहा वर्षांपर्यंत मुलाची शाळा म्हणजे आईची मांडी. अशा घरच्या शाळेत एक आठवडा येशूने सांगितलेल्या मोहरीच्या दाण्याच्या दृष्टांतासाठी राखता येतो. मात्र गोष्ट पहिल्याच दिवशी सांगण्याची घाई करू नये. सोमवारी मुलाने दाणे मोजून ओल्या कापसावर पेरावेत व रोज पाणी शिंपडावे. गाणी, रंगकाम हे ओघाने येतेच. गुरुवारपर्यंत बहुधा मोड दिसतात. दृष्टांत तेव्हा सांगावा. एरवी ‘देवाचे राज्य’ हे शब्द चार वर्षांच्या मुलाला नुसते पाठ होतात. फांद्यांवरची पाखरे शुक्रवारी कागदावर काढावीत. दाणे रुजलेच नाहीत, तर नवे पेरावेत आणि गोष्टही पुढे ढकलावी.