वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर : कोणता घास, केव्हा?

वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतलेले रुग्ण आता आपल्या भागातही अधूनमधून दिसू लागले आहेत. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते. तीन-चार दिवसांत रुग्ण घरी येतो आणि पुढचे दोन महिने त्याच्या पोटात काय जाणार, हे आपले स्वयंपाकघर ठरवते. म्हणून हा लेख रुग्णाइतकाच घरच्या मंडळींसाठी आहे.

काही महिन्यांपूर्वी दवाखाना बंद करण्याच्या वेळेला एका बाईंना रिक्षातून आणले. वय चाळिशीचे. पाच आठवड्यांपूर्वी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झालेली. गेले बारा दिवस काही खाल्ले की उलटी. पती म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशननंतर असं होतंच, असं आम्हाला वाटलं." बाईंच्या सासूबाई सोबत होत्या. विचारता विचारता त्यांनीच सांगितले, "पंधरा दिवस नुसतं पाणीपाणी. सुनेच्या अंगात ताकद यावी म्हणून तुपातला शिरा भरवला, दुसऱ्या दिवशी पोळी-भाजी." त्यांच्या मनात माया होती, दुसरे काही नव्हते. तेव्हापासून उलट्या सुरू झाल्या. भीतीने बाईंनी मग जवळजवळ सगळेच खाणे सोडले. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मोठ्या, त्यांनी मळमळते, म्हणून त्याही बंद.

जीभ कोरडी, नाडी जलद. चालताना तोल जात होता. बाई म्हणाल्या, समोरचा माणूस दोन-दोन दिसतो. मी हे अशक्तपणावर घातले, उलटीचे इंजेक्शन आणि ग्लुकोजची बाटली लिहून दिली. सिस्टर बाटली अडकवत होत्या. कळवावे म्हणून शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनना फोन लावला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "सर, बी-वन दिलंत का? आधी ते द्या, ग्लुकोज नको." मी बाटली थांबवली. थायमिनचे, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि साधी मिठाची सलाईन देऊन त्याच रात्री बाईंना शहरात पाठवले.

बी-वनचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. साखर जाळायला हेच जीवनसत्त्व लागते. ते संपत आलेले असताना नुसते ग्लुकोज चढवले, तर उरलेसुरलेही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होते. दोन-दोन दिसणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे. बाईंची दृष्टी काही दिवसांत सुधारली, चाल सावरायला दीड महिना लागला. पायाच्या मुंग्या अजून आहेत. तीस वर्षांच्या व्यवसायात मी ग्लुकोजच्या किती बाटल्या लावल्या असतील याची गणती नाही, पण ही एक न लावलेली बाटली लक्षात राहिली.

आता मूळ मुद्दा. या शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तीत सुरुवातीला १०० ते १५० मिलीलिटर, म्हणजे आमटीची एक लहान वाटी मावते. बायपासच्या शस्त्रक्रियेत तर जठराचा वरचा ३० मिलीलिटरच्या आसपासचा कप्पाच वापरात राहतो. कापलेल्या कडा बारीक धातूच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात. वरची जखम आठवड्यात सुकली तरी आतली सूज उतरून जोड पक्का व्हायला काही आठवडे जातात. जठर एरवी अन्न घुसळते. ते काम आता दातांनी किंवा मिक्सरने करायचे.

म्हणून जेवण पायरीपायरीने वाढवतात. प्रत्येक सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि आपल्याला मिळालेला तक्ताच पाळावा. सर्वसाधारण क्रम मात्र असा. पहिला-दुसरा दिवस पाण्यासारखे स्वच्छ पदार्थ : गाळलेले वरणाचे पाणी, शहाळ्याचे पाणी, गाळलेले सूप. तिथून दुसरा आठवडा संपेपर्यंत दूध, पातळ ताक, गाळलेले कढण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले अन्न : मुगाचे घट्ट वरण, दही, शिजवून घोटलेला दुधीभोपळा, दह्यात वाटलेले पनीर. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ अन्न, ज्यात अंडे, उकडलेला बिनकाट्याचा मासा, मुगाची सैलसर खिचडी, मुगाचे मऊ धिरडे येते. साधारण आठव्या आठवड्यानंतर घरचे नेहमीचे जेवण, तेही थोडे थोडे.

पायरी चढायची तरी एका दिवशी एकच नवा पदार्थ. दोन चमचे खावेत आणि थांबावे. छातीत दाटले, तोंडाला पाणी सुटले, उलटी झाली, तर एक पायरी खाली यावे, दोन दिवस आधीचेच खावे आणि तो पदार्थ आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावा. वहीत लिहून ठेवले तर उत्तम. एकाच दिवशी तीन नवे पदार्थ खाल्ले, तर कोणता सोसला नाही हे कळत नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त त्रास देतात ते पोळी, पाव आणि चिकट भात, कारण नीट न चावता गिळल्यास त्यांचा गोळा होतो. कोरडे मटण, शेवग्याची शेंग, गवार, संत्र्याची साल असलेली फोड ही मंडळीही उशिरा यावीत. भाकरी सुरू करताना पापुद्रा वेगळा काढून वरणात मऊ कुस्करावी. चमचा चहाचा घ्यावा, जेवणाला वीस-तीस मिनिटे द्यावीत आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच हात धुवावा. ताटात टाकू नये ही आपली शिकवण इथे उपयोगाची नाही. एक चमचा उरला तर उरू द्यावा.

दुसरी चूक पेजेची. आजारी माणसाला पेज हा आपला जुना शिरस्ता, पण भाताच्या पेजेत प्रथिने नाममात्र. या रुग्णाला रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि केस गळतात. अर्ध्या लिटर दुधातून १६ ग्रॅमच्या आसपास मिळतात, एका अंड्यातून ६, शंभर ग्रॅम पनीरमधून १८. वाटीभर पोटात ६० ग्रॅम बसवायचे, तर सुरुवातीला सर्जन प्रथिनांची पावडर लिहून देतात. ती महाग वाटते, पण वाया जात नाही. घासाची सुरुवात नेहमी वरण, अंडे, पनीर यांनी करावी, भात-भाकरी शेवटी.

पाणी गटागटा पिता येत नाही. दर पंधरा मिनिटांनी ३० मिलीलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे घेतले, तर तासाला १२० होतात आणि जागेपणीच्या तेरा-चौदा तासांत दीड लिटर पुरे होते. घन आहार सुरू झाला की जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नको. सोड्याची पेये नकोतच. जठराचा जो भाग काढतात, तिथेच भूक चाळवणारा एक रस तयार होतो. त्यामुळे पहिले काही महिने भूक लागतच नाही. म्हणून घड्याळ पाहून खावे-प्यावे लागते.

बायपास झालेल्यांनी गोडापासून विशेष जपावे. श्रीखंड, जिलेबी खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब होतात. काहींना दोन-तीन तासांनी रक्तातली साखर उतरून चक्कर येते. त्यांनी अंगदुखीच्या गोळ्याही दुकानातून परस्पर घेऊ नयेत. जोडाच्या जागी व्रण होतो.

मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांचा आहार एकदम घटल्याने जुनी औषधे जास्त पडतात. शस्त्रक्रियेनंतर जुनाच कागद औषधाच्या दुकानात दाखवू नका, डोस तपासून घ्या. ताप, जलद नाडी, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती कळ ही जोड गळत असल्याची खूण असू शकते. तेव्हा वाट न पाहता थेट सर्जनकडे. दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर तेही साधे समजू नका. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा, "माझी वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे."

जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि बी-ट्वेल्व्ह ही जन्मभराची सोबत आहे, आणि वर्षातून एकदा रक्ततपासणीही. आमच्या त्या बाई आता मोठी गोळी गिळत नाहीत, चघळायची घेतात. लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी आणि रात्री, कारण दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर हवे. लोहाच्या गोळीवर चहा प्यायचा नाही, यावर मात्र सासूबाईंचा पहारा असतो.