उधारीची वसुली आणि कोर्टाचं कॅलेंडर



व्हिडिओमध्ये मी एक प्रश्न विचारला होता. पार्टीने पैसे थकवले, तुमच्याकडे बिल आहे, चलन आहे, समोरचा माणूस फोनवर "देतो देतो" म्हणतोय. मग कोर्टात गेलात तर पैसे मिळतील का? बहुतेकांचं उत्तर होतं, "हो, पुरावा आहे ना!" आज या उत्तरातली चूक बघायची आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, मी वकील नाही. पण एकदा पैसे घालवून हा धडा शिकलोय.

२०११ मध्ये माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट होतं. एका दुकानदाराला स्टोरेज रॅक बनवून दिले. बिल २ लाख ८६ हजारांचं, त्यातले १ लाख ॲडव्हान्स आलेले. माल पोचवला १८ नोव्हेंबर २०११ ला. राहिले १ लाख ८६ हजार. उधारी किती दिवसांची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग सुरू झाल्या चकरा. दर वेळी चहा मिळायचा. "शेठ, दिवाळीनंतर बघू", "मार्चनंतर करतो". माणूस गोड होता, म्हणून मीही ताणलं नाही. जून २०१३ मध्ये त्याने २० हजार रोख हातात ठेवले. मी खूश! पावती केली नाही, त्याची सही घेतली नाही, आपल्या वहीत मात्र टिपून ठेवलं.

जानेवारी २०१५ मध्ये वैतागून वकिलांकडे गेलो. फाईल टेबलावर ठेवली. त्यांनी बिलाकडे बघितलंही नाही. पहिला प्रश्न विचारला, "माल कधी पोचवला?" मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं आणि फाईल माझ्याकडे सरकवली.

तीन वर्षांचं घड्याळ

मुदत कायदा, १९६३. विकलेल्या मालाचे पैसे वसूल करायला दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर ही तीन वर्षं माल पोचवल्या दिवसापासून मोजतात. "६० दिवसांची क्रेडिट" असं ठरलेलं असेल तर ते ६० दिवस संपल्यापासून. केलेल्या कामाचे पैसे असतील, तर काम पूर्ण झाल्यापासून. माझं घड्याळ १८ नोव्हेंबर २०१४ ला संपलं होतं. मी दोन महिने उशिरा गेलो.

तुम्ही म्हणाल, दोन महिने उशीर झाला तर जज साहेब समजून घेतील, कारण सांगू. नाही. अपिलाला वगैरे उशीर झाला तर योग्य कारण दाखवून माफी मागता येते, त्यासाठी कायद्यात कलम ५ आहे. पण ते कलम मूळ दाव्याला लागू होत नाही. आणि कलम ३ तर आणखी कडक आहे. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही, तरी कोर्टाने स्वतःहून मुदतबाह्य दावा फेटाळायचा असतो. तुमचं येणं खरं आहे की खोटं, तिथपर्यंत गाडी पोचतच नाही.

आता दोन गैरसमज. हे मला दर बॅचमध्ये भेटतात.

पहिला गैरसमज, वकिलाची नोटीस पाठवली की मुदत वाढते. अजिबात नाही. नोटीस तुमच्या बाजूने जाते, आणि घड्याळ थांबवणारी गोष्ट समोरच्याकडून यावी लागते. दुसरा, तो फोनवर कबूल करतोय ना, मग झालं. फोनवरच्या कबुलीने पोट भरत नाही. कलम १८ काय म्हणतं? तीन वर्षं संपण्याआधी समोरच्याने लेखी आणि सहीनिशी बाकी मान्य केली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. कलम १९ म्हणतं, मुदतीत काही रक्कम भरली आणि त्या भरण्याची त्याच्या अक्षरातली किंवा सहीची नोंद असेल, तरीही नवी तीन वर्षं.

आता माझे ते २० हजार आठवा. ते रोख न घेता चेकने घेतले असते, तर चेकवर त्याची सही आपोआप आली असती आणि मला जून २०१६ पर्यंत वेळ मिळाला असता. रोख घेतले तरी "एकूण बाकीपैकी २० हजार दिले" एवढी चिठ्ठी त्याच्या सहीने पुरली असती. एका चिठ्ठीअभावी १ लाख ६६ हजार गेले. तुमच्याकडे हप्ते ऑनलाइन येत असतील तर नुसत्या बँक एंट्रीवर विसंबू नका. सोबत सहीचा कागद घ्या. व्हॉट्सॲपवरचा "ओके भाऊ" सुद्धा सहीच्या कागदाची जागा घेईल असं धरून चालू नका. शिवाय मोबाईलमधला मजकूर कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा तर त्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं. आपल्या जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हा मुद्दा पक्का केला. तिथे व्हिडिओ रेकॉर्डिंगचा प्रश्न होता, पण नियम तुमच्या चॅटलाही तोच.

कोर्टाचा कोणता दरवाजा

रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल आणि व्यवहार व्यापारी असेल, तर २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याखाली वेगळ्या कोर्टात जावं लागतं. सुरुवातीला ही मर्यादा १ कोटी होती, २०१८ ला ३ लाखांवर आली, म्हणून आता आपल्यासारखे छोटे लोकही त्यात येतात. इथे थेट दावा टाकता येत नाही. कलम १२ए प्रमाणे आधी मध्यस्थीसाठी अर्ज करायचा, साधारणपणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. तातडीचा मनाई हुकूम वगैरे हवा असेल तरच यातून सूट. पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनियर्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं की ही पायरी सक्तीची आहे, ती गाळली तर दावा नामंजूर होईल. चांगली बातमी एवढीच की मध्यस्थीत गेलेला काळ तुमच्या तीन वर्षांत धरत नाहीत. आणि तिथे तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याइतकी ताकद असते. माझं मत विचाराल तर ही पायरी मनापासून वापरा. पार्टी टिकवून पैसे मिळवायची हीच जागा आहे.

रक्कम ३ लाखांच्या खाली असेल तर नेहमीचं दिवाणी न्यायालय.

आता जरा खुर्ची बदलू. समजा दावा तुमच्यावरच झालाय. तुमच्या सप्लायरने केला, आणि तुमचं म्हणणं आहे की माल खराब होता. समन्स आलं. आपल्याकडे काय होतं? समन्स ड्रॉवरमध्ये जातं. "सीझन संपू दे, मग बघू."

एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स विरुद्ध चमणकर इन्फ्रास्ट्रक्चर हे प्रकरण बघा. प्रतिवादीला समन्स मिळालं १४ जुलै २०१७ ला. कमर्शियल दाव्यात कैफियत, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, ३० दिवसांत द्यायचं असतं. कोर्टाने परवानगी दिली तरी कमाल १२० दिवस. ते ११ नोव्हेंबरला संपले. कैफियत दाखल झाली १५ डिसेंबरला. दिल्ली हायकोर्टाने २५ हजार रुपये खर्च लावून ती घेतली. वादी सुप्रीम कोर्टात गेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कैफियत रेकॉर्डवरून काढून टाकायला लावली. १२० दिवसांनंतर कोर्टालाही अधिकार नाही! साध्या दिवाणी दाव्यात ९० दिवसांनंतरही योग्य कारण असेल तर कोर्ट सवलत देऊ शकतं. कमर्शियल दाव्यात तो दरवाजा बंद आहे. म्हणजे माल खरोखर खराब असला, तुमच्याकडे फोटो असले, तरी ते मांडणारं तुमचं लेखी म्हणणंच कोर्टासमोर नसेल. समन्स घेतलेल्या दिवशीच पाकिटावर तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात वकीलपत्र द्या.

चेक परत आला तर

इथली घड्याळं छोटी आहेत, म्हणून उदाहरणानेच बघू. समजा चेक न वटल्याचा मेमो तुम्हाला ४ मार्चला मिळाला. ३० दिवसांत मागणीची नोटीस गेलीच पाहिजे, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत. नोटिशीत नेमकी चेकची रक्कम मागा. व्याज, जुनी बाकी, राग सगळं एकत्र मिसळू नका. समोरच्याला नोटीस ८ एप्रिलला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, म्हणजे २३ एप्रिलपर्यंत. नाही दिले तर त्यानंतर एक महिन्याच्या आत कलम १३८ ची तक्रार. मी तरी २३ मेच्या आतच दाखल करायला सांगेन. तक्रारीला उशीर झाला तर कारण दाखवून कोर्टाकडे माफी मागता येते, नोटिशीच्या ३० दिवसांना ती सोय नाही. २०१५ च्या दुरुस्तीमुळे, चेक तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमच्या बँक शाखेच्या हद्दीतल्या कोर्टातच तक्रार चालते. पार्टी सुरतची असली तरी तुम्हाला सुरतला पळायला नको.

एक लक्षात घ्या. चेकची केस फौजदारी आहे. ती चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याचं तीन वर्षांचं घड्याळ थांबत नाही.

उद्यम नोंदणीवाल्यांसाठी

तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल, उत्पादन किंवा सेवा देत असाल, तर एमएसएमईडी कायदा २००६ तुमच्या बाजूला आहे. ग्राहकाशी काहीही ठरलं तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढची उधारी चालत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के होतात. वाद फॅसिलिटेशन कौन्सिलकडे नेता येतो. तिचा निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि ग्राहकाला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम कोर्टात भरावी लागते. मोठ्या कंपन्यांना हे कलम फार टोचतं.

पण दोन खाचखळगे आहेत. नुसता खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्या ट्रेडरला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, ती बँक कर्जाच्या प्राधान्य क्षेत्रापुरती. उशिरा पेमेंटचं हे संरक्षण तिच्यातून मिळत नाही. आणि नोंदणी मालाच्या आधीची हवी. सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नंतर नोंदणी करून आधीच्या व्यवहाराला लाभ मागता येणार नाही. हा मुद्दा २०२५ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला आहे, पण त्याच्या भरवशावर नोंदणी लांबवू नका.

एका पानाचं पत्र

हे पत्र मी २०१५ पासून दर ३१ मार्चला पाठवतो. मजकूर तुमच्या लेटरहेडवर उतरवून घ्या:

"दि. ३१ मार्च अखेर आमच्या हिशेबाप्रमाणे बिल क्र. ४७, दि. १८ नोव्हेंबर, यापोटी आपल्याकडून रु. १,८६,००० येणे बाकी आहे. आपल्या हिशेबाशी जुळत असल्यास खाली सही, शिक्का व तारीख करून एक प्रत परत द्यावी, ही विनंती."

आणि खाली त्याच्यासाठी: "वरील बाकी आम्ही देणे आहोत. सही, शिक्का, तारीख."

भाषा गोड ठेवा. "ऑडिटला लागतंय" असं सांगितलं की बहुतेक जण सही करतात, आणि ते खोटंही नाही. सही मालकाची किंवा अधिकार दिलेल्या माणसाची घ्या, गोडाऊनच्या पोराची नको. भागीदारी फर्म असेल तर जमलं तर सगळ्या भागीदारांच्या सह्या घ्या, कारण एकाने मान्य केलं एवढ्यानेच ते बाकीच्यांवर बंधनकारक होत नाही. एखादी पार्टी सही करायला टाळाटाळ करू लागली, तर तिच्या सर्वांत जुन्या बिलाची तारीख काढा, तीन वर्षं पुढे मोजा आणि त्याच्या सहा महिने आधीच वकिलांची वेळ घ्या.