किरणोपचारातलं करिअर: कोर्सचं नाव नंतर, आधी मशीन बघा

बारावीच्या मुलांशी बोलताना मी रेडिओथेरपीचा, म्हणजे किरणोपचाराचा विषय काढला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा आईकडून येतो. "रेडिएशन? मुलीला पुढे काही त्रास नाही ना होणार? उद्या लग्न होईल, मूलबाळ होईल..." हा प्रश्न मी कधीच हसण्यावारी नेत नाही. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

कर्करोगाच्या गाठीवर जास्त ऊर्जेचे एक्स-रे सोडणाऱ्या मशीनला लिनिअर ॲक्सिलरेटर म्हणतात. विभागात सगळे त्याला लिनॅक म्हणतात. ज्या खोलीत ते असतं तिच्या काँक्रीटच्या भिंती काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत जाड असतात. किरण चालू असताना आत फक्त रुग्ण असतो. तंत्रज्ञ बाहेर कन्सोलवर बसून कॅमेऱ्यातून त्याच्यावर नजर ठेवतात. मध्येच दार उघडलं तर किरण आपोआप थांबतात. काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. तो ठरावीक काळाने मोजणीला जातो आणि त्या व्यक्तीला मिळालेल्या मात्रेची नोंद राहते. अणुऊर्जा नियामक परिषदेने घातलेली मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर जायचं नाही. माती, हवा, आकाश यांतून माणसाला निसर्गतःच वर्षाला जगभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळत असतात. नीट चालवलेल्या लिनॅक विभागात बहुतेकांचे आकडे परिषदेच्या मर्यादेच्या खूप खाली राहतात. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या महिन्यांत गर्भासाठी 1 मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते आणि कामाची आखणी त्याप्रमाणे बदलते.

आई-वडिलांनी काळजी करायचीच असेल तर अर्धवट शिक्षणाची करावी. या क्षेत्रात ते खरोखर महागात पडतं आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

2000-2001 मध्ये पनामातल्या एका कर्करोग संस्थेत जे घडलं ते प्रत्येक मेडिकल फिजिसिस्टला शिकवलं जातं. निरोगी अवयव झाकण्यासाठी किरणांच्या वाटेत ठोकळे ठेवतात. तिथल्या संगणकाच्या प्रणालीत चारच ठोकळे भरता येत होते आणि डॉक्टरांना पाचवा हवा होता. मग कर्मचाऱ्यांनी सगळे ठोकळे एकत्र, एकच आकृती म्हणून भरण्याची युक्ती काढली. संगणकाने हरकत घेतली नाही, पण उपचाराचा वेळ जवळजवळ दुप्पट काढून दिला. तो वेळ हाताने हिशेब करून कुणीच ताडून पाहिला नाही. 28 रुग्णांना जादा मात्रा गेली आणि त्यातले काही दगावले. मशीन बिघडलेलं नव्हतं. नवी पद्धत वापरात आणण्याआधी ती तपासायची असते, ही सवय त्या टीमला लागलेली नव्हती.

हे सांगून मला कुणाला घाबरवायचं नाही. उलट नीट शिकलेल्या टीमच्या हातात हेच तंत्र काय करू शकतं याचा आपल्या मुंबईतला पुरावाही आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणाऱ्या 300 स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्यांना आधीची त्रिमितीय पद्धत दिली. उरलेल्यांना आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करणारी पद्धत, आणि तीही रोज मशीनवरच स्कॅन घेऊन जागा पक्की करून. 3 वर्षांनी आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास जुन्या पद्धतीत 42.4 टक्के स्त्रियांना होता, नव्या पद्धतीत 21.1 टक्के. आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेतात, घरात, ऑफिसात काम करणाऱ्या बाईला पुढची कितीतरी वर्षं पोटाचा त्रास नसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे वेगळं सांगायला नको.

नेमकेपणा वाढला की चुकीला जागा मात्र कमी उरते. जुन्या पद्धतीत किरणांचं क्षेत्र ऐसपैस असायचं, त्यामुळे रुग्ण अर्धा सेंटिमीटर सरकला तरी गाठ आतच राहायची. आता मात्रा गाठीच्या कडेला झपकन उतरते. तेवढाच अर्धा सेंटिमीटर हुकला तर गाठीचा काही भाग सुटतो किंवा लाळग्रंथी भाजते. म्हणून टीममधल्या प्रत्येकाला सतत शिकावं लागतं. टीममध्ये मुख्यतः तीन वाटांनी येता येतं.

डॉक्टरांची वाट पालकांना माहीत असते: एमबीबीएस, नीट पीजी, मग रेडिएशन ऑन्कॉलॉजीत तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी. तिच्यावर इथे जास्त लिहीत नाही.

मेडिकल फिजिसिस्टची वाट मात्र भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलांना कुणी सांगतच नाही. बीएस्सी, एमएस्सी फिजिक्स आणि त्यानंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा. भाभा अणुसंशोधन केंद्रात हा अभ्यासक्रम 1962 पासून चालतो. काही विद्यापीठांत थेट मेडिकल फिजिक्सची एमएस्सीही असते. पुढे मान्यताप्राप्त किरणोपचार विभागात एक वर्षाची इंटर्नशिप, मग रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर होण्यासाठीची नियामक परिषदेची परीक्षा. सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी लिनॅकची मात्रा मोजून बघणं, डॉक्टरांनी आखलेल्या गाठीसाठी संगणकावर प्लॅन बांधणं, तो प्लॅन रुग्णावर वापरण्याआधी मोजमाप करून ताडणं ही त्यांची कामं. पात्र फिजिसिस्ट आणि सेफ्टी ऑफिसर असल्याशिवाय रुग्णालयाला मशीन चालवण्याचा परवानाच मिळत नाही. फिजिक्स घेऊन मास्तरकीशिवाय काय करणार, असं विचारणाऱ्या वडिलांना मी हे आवर्जून सांगतो.

तिसरी वाट तंत्रज्ञाची, आणि माझ्या मते सर्वांत कमी लेखली गेलेली. बारावी सायन्सनंतर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीची पदवी, इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षं. डॉक्टर रुग्णाला आठवड्यातून एकदा भेटतात, तंत्रज्ञ रोज. गावाकडून आलेले रुग्ण या उपचाराला अजून 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. "पंचवीस लाईट झाले, पाच राहिले," असा त्यांचा हिशेब असतो. त्या प्रत्येक दिवशी चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवताना घाबरलेल्या आजोबांचा हात हातात घेणारा माणूस तंत्रज्ञ असतो.

डाव्या स्तनाच्या कर्करोगाचंच उदाहरण घ्या. बाईने खोल श्वास घेऊन धरला की छाती फुगते, हृदय मागे सरतं आणि किरणांच्या वाटेतून बरंचसं बाजूला होतं. श्वास धरलेल्या तेवढ्याच सेकंदांत मशीन चालवायचं असतं. आता ही बाई आधीच भेदरलेली, खोलीत एकटी, आणि माइकवरून आवाज येतो: "ताई, श्वास आत घ्या... अजून थोडा... धरा." हा आवाज शांत असेल, तिच्या बोलीत असेल, आदल्या दिवशी अर्धा तास बसवून सराव करून घेतलेला असेल, तर हृदय वाचतं. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. अनुभवी तंत्रज्ञाच्या शेजारी महिनोन्‌महिने उभं राहावं लागतं.

नोकरी लागली म्हणजे शिक्षण संपलं असं इथे होत नाही. मशीनची प्रणाली बदलते, उपचाराच्या पद्धती बदलतात. स्तनाच्या कर्करोगात पाच आठवड्यांचा उपचार तीन आठवड्यांवर आला आणि निवडक रुग्णांत 5 दिवसांचा उपचारही 2020 मध्ये मोठ्या अभ्यासातून सिद्ध झाला. एका दिवसाची मात्रा वाढली की एका दिवसाची चूकही जड होते. भारतातल्या किरणोपचार तज्ज्ञांची संघटना युरोपातल्या एस्ट्रो संस्थेबरोबर भारतात अभ्यासवर्ग घेते, मेडिकल फिजिसिस्टांची संघटना 1976 पासून काम करते, आणि 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातली रुग्णालयं जोडली आहेत. माझं आग्रहाचं मत असं की डॉक्टर, फिजिसिस्ट आणि तंत्रज्ञ यांनी एकत्र बसून केलेलं प्रशिक्षण सर्वांत उपयोगी. तिघं वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळं शिकून आले तर नवी पद्धत विभागात रुजत नाही.

आता प्रवेशाचं. रेडिओलॉजी आणि रेडिओथेरपी हे दोन वेगळे विषय आहेत. एकात निदानासाठी चित्र काढतात, दुसऱ्यात उपचार करतात. सहा महिन्यांच्या 'रेडिएशन टेक्निशियन' कोर्सच्या जाहिरातींत नेमका हाच घोळ घातलेला असतो. संस्थेला तीन गोष्टी विचारा. स्वतःचा किरणोपचार विभाग आहे का? विद्यार्थी कन्सोलवर आठवड्यातून किती तास असतात? गर्भाशयमुखाच्या कर्करोगात लागणारी ब्रॅकीथेरपी, म्हणजे शरीराच्या आत स्रोत नेऊन दिलेला उपचार, तिथे होते का? ब्रोशरमध्ये प्रोटॉनचं चित्र पाहून हुरळून जाऊ नका. प्रोटॉन उपचार चेन्नईत 2019 पासून आणि खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये 2023 पासून होतात, देशात अशी केंद्रं मोजकीच आहेत. मुलाला आधी साध्या लिनॅकवर रुग्ण नीट झोपवता आला पाहिजे. 2021 च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आहे, तेव्हा पदवीची मान्यता त्या चौकटीत बसते का हेही लेखी विचारून घ्या.

तंत्रज्ञाचा सुरुवातीचा पगार इंजिनिअर झालेल्या चुलतभावापेक्षा कमी असू शकतो, हे मुलापासून लपवू नका. रोज आजारी माणसं पाहण्याची तयारी लागते. वीस रुग्ण झाल्यावरही एकविसाव्याचं नाव, फोटो आणि उपचाराची बाजू पुन्हा तपासण्याची चिकाटी लागते. ज्या मुलाला गणिताची वही पुन्हा तपासायला आवडत नाही, त्याला ही वाट मी सुचवत नाही.

निकाल लागल्यावर अर्ज भरायची घाई करू नका. बार्शी असो, नागपूर असो की मुंबई, जवळच्या कर्करोग रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात चिठ्ठी देऊन परवानगी मागा आणि मुलाला एक सकाळ कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात बसू द्या. घरी परत येताना तो काय बोलतो ते ऐका आणि मगच फी भरा.