अर्धा स्वर खाली

गणपतीला सहा आठवडे उरलेत. कोल्हापुरात मामाच्या माडीवर दोन गिटार भिंतीला टेकवलेल्या आहेत आणि सतरंजीवर पाच-सहा पेडल्स मांडलेली आहेत. मामाने वीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. भाची पुण्यात इंजिनिअरिंग करते आणि कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते.

भाची : मामा, मला पिच शिफ्टर घ्यायचाय. सात हजार साठलेत. कुठला घेऊ, तेवढं सांग.

मामा : कशासाठी हवाय, ते आधी सांग.

भाची : आमच्या गायिकेला दोन गाणी मूळ पट्टीत जड जातात. अर्धा स्वर खाली घेतली की छान गाते. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि मोकळा होतो. मी अडकते. दोन्ही गाणी मोकळ्या तारांच्या ई आणि ए कॉर्डवर आहेत. आणि दुसरं म्हणजे, आम्ही ‘सेव्हन नेशन आर्मी’ बसवतोय. आमच्याकडे बास वाजवणारं कुणी नाही, तर तो सुरुवातीचा रिफ मीच खालच्या सप्तकात वाजवीन म्हणते.

मामा : म्हणजे तुझी कामं दोन आहेत. दुकानात दोन्हीला एकच नाव मिळेल, पिच शिफ्टर. पण एका वेळी एक स्वर खाली नेणं आणि सहा तारांचा अख्खा कॉर्ड खाली नेणं, यात फार फरक आहे. स्वस्त पेडल घेताना माणूस फसतो ते इथेच.

भाची : कॅपोने नाही का होणार काही?

मामा : कॅपो फक्त वर नेतो. स्केल चेंजरची पेटी पाहिलीस ना? तिच्या पट्ट्यांचा अख्खा संच सरकतो, डावीकडेही आणि उजवीकडेही. गायकाने काळी चार म्हटलं काय आणि काळी तीन म्हटलं काय, पेटीवाल्याची बोटं त्याच जागी राहतात. गिटारला तसं काही नाही. मोकळ्या सहाव्या तारेच्या खाली जायचं तर तार उतरवायची, नाहीतर आवाज तारेतून निघाल्यावर वाटेत बदलायचा. तुला हवाय तो वाटेतला बदल.

भाची : पण तो बदलतो कसा? मला वाटायचं, ग्राफिक इक्वलायझरसारखं काहीतरी असेल.

मामा : नाही, ते वेगळं. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की लताबाईंचा आवाजही जाड आणि संथ व्हायचा. किंवा आजोबांची ती 33 वेगाची तबकडी 45 वर लावली तर? वेग 1.35 पट होतो, आणि गाणं जवळजवळ शुद्ध मध्यमाइतकं वर चढतं. म्हणजे वेग बदलला की सूर बदलतो. पण तिथे गाणंही लवकर संपतं. पेडलला सूर बदलायचाय आणि वेळ मात्र तीच ठेवायचीय.

भाची : तेच तर. मी एक सेकंद वाजवलं तर एक सेकंदच ऐकू यायला हवं.

मामा : म्हणून पेडल तुझा आवाज सतत एका छोट्या स्मृतीत लिहीत जातं आणि थोड्या वेगळ्या वेगाने वाचतं. अर्धा स्वर खाली न्यायचा तर साधारण सहा टक्के हळू वाचायचं. आता हळू वाचणारा लिहिणाऱ्याच्या मागे पडत जाणार. थोड्या वेळाने त्याला मधला एक तुकडा गाळून पुढे उडी मारावी लागते. सूर वर न्यायचा असेल तर उलटं. वाचणारा लिहिणाऱ्याला गाठतो आणि मागचा तुकडा पुन्हा वाचतो. त्या उडीचा सांधा कुठे आणि कसा जुळवला, यावर सगळी किंमत ठरते.

भाची : सांधा नीट बसला नाही तर?

मामा : आवाज थरथरतो. गुळण्या केल्यासारखा येतो. आता एकच स्वर वाजत असेल तर सांधा जुळवणं त्यामानाने सोपं. सहावी मोकळी तार सेकंदाला सुमारे 82 वेळा हलते, म्हणजे एक लहर 12 मिलिसेकंदांची. पेडलने ती लहर ओळखायची आणि बरोबर एक किंवा दोन लहरी गाळायच्या. कानाला कळतही नाही. पण ई कॉर्ड दाबलास की सहा तारा सहा लांबीच्या लहरी पाठवतात. एकीचा सांधा जुळला की दुसरीचा तुटतो. त्यासाठी आवाज आधी वेगवेगळ्या कंपनांत फोडावा लागतो आणि पुन्हा जोडावा लागतो. ते करायला जास्त ताकदीची चिप लागते आणि ते सगळं बसवायला मेहनतही लागते. डब्यावर ‘पॉलिफोनिक’ लिहिलेलं असतं ते याबद्दल.

भाची : म्हणजे डब्यावर तो शब्द असला की झालं?

मामा : शब्द लिहायला पैसे पडत नाहीत. एकदा मीही तो शब्द वाचून एक पेडल घेतलं. तालमीत लीड वाजवून पाहिलं, झकास. कार्यक्रमात कॉर्ड धरला आणि मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळलं की गिटारला काहीतरी झालंय. चूक माझी. कॉर्ड मी वाजवूनच पाहिला नव्हता.

भाची : आणि उशीर? पेडलला लहर ओळखायला वेळ लागत असेल तर आवाज मागे पडणार ना.

मामा : पडतोच थोडा. खालच्या तारेची एक लहर पुरती हाती यायलाच 12 मिलिसेकंद जातात. पण घाबरू नकोस. तेवढ्या वेळात आवाज हवेतून चार मीटर जातो. म्हणजे ॲम्पपासून चार मीटर लांब उभं राहून वाजवल्यासारखं. मंचावर आपण तसे उभे राहतोच. त्याच्या दुपटी-तिपटीने उशीर झाला तर मात्र उजवा हात अडखळतो. द्रुत लयीत तो उशीर आधी हाताला कळतो, मग कानाला.

भाची : हे सगळं आलं कुठून? ते पायाने चालवायचं व्हॅमी पेडलच पहिलं का?

मामा : नाही गं, त्याच्या आधी बरंच आहे. 1967 च्या ‘पर्पल हेझ’मध्ये हेन्ड्रिक्सने ऑक्टेव्हिया नावाचं पेडल वाजवलं. त्यात संगणक वगैरे काही नाही. लहरीचा खालचा अर्धा भाग उलटून वर घ्यायचा, की लहरी दुप्पट होतात आणि सूर वरच्या सप्तकात जातो. बॉसचा ओसी-2 1982 चा. तो दर दोन लहरींची एक मोजतो आणि खालचं सप्तक काढतो. दोन्ही एका वेळी एकाच स्वरावर नीट चालतात, आणि दोन्हींना सप्तकाशिवाय दुसरं काही येत नाही. हवा तेवढा सूर सरकवणारं यंत्र स्टुडिओत आलं 1975 मध्ये, इव्हेन्टाइडचा एच-910. बोवीच्या 1977 च्या ‘लो’ या अल्बममधले ते घसरत खाली जाणारे ड्रम त्याचेच. पण ते रॅकमध्ये बसवायचं यंत्र होतं, पायाखाली घालायचं नव्हे.

भाची : आणि व्हॅमी?

मामा : 1989. डिजिटेकने ते सगळं पायाखाली आणलं. माझ्या मते गिटारला पायाने लांब मींड मिळाली ती तेव्हा. बोटाने तार ओढून तू किती जाशील? दोन अर्धे स्वर, फार तर तीन. व्हॅमीत पायाने अख्खं सप्तक, नाहीतर दोन सप्तकं, आणि मधला प्रत्येक सूर ऐकवत. 1992 च्या ‘किलिंग इन द नेम’मध्ये टॉम मोरेलोचा सोलो ऐक, पाय त्यात वाजतो. मग 1994 चं गिलमोरचं ‘मरून्ड’ ऐक. तेच यंत्र आहे, पण तो इतक्या सावकाश सूर चढवतो की कुणाला वाटावं सारंगी ऐकतोय. आणि तुझं ‘सेव्हन नेशन आर्मी’, 2003 चं. लोक त्याला बास समजतात. ती जॅक व्हाइटची गिटार आहे, व्हॅमीतून एक सप्तक खाली.

भाची : मग व्हॅमीच घेऊ की. जुना मिळाला तर सात हजारांत बसेल?

मामा : जुन्यात एक खोच आहे. पाचव्या आवृत्तीच्या आधीच्या व्हॅमींना 9 व्होल्टचा एसी ॲडॉप्टर लागतो. आपल्या नेहमीच्या पेडलांचा असतो डीसी. विकणारा ॲडॉप्टर देत नसेल तर ते पेडल घरी आणून तू नुसतं बघत बसशील. आणि पाचव्याच्या आधीचे व्हॅमी कॉर्डवर गडबडतात. पाचव्यात कॉर्डसाठी वेगळा मोड दिला. शिवाय तुला पायाने सूर ओढायचाच नाहीये. ती यंत्रणा तुझ्या कामाची नाही, मग तिचे पैसे का द्यायचे?

भाची : मग अर्धा स्वर खाली न्यायला नेमकं काय बनवलंय?

मामा : डिजिटेकचाच ‘ड्रॉप’. छोटा डबा, एक गोल बटण. एक ते सात अर्ध्या स्वरांपर्यंत खाली, शिवाय सप्तक. कॉर्ड धरतो. अर्ध्या-एका स्वरापर्यंत तर पेडल लावलंय हे समोरच्याला सांगावं लागतं. जितकं जास्त खाली जाशील तितका आवाज रबरासारखा होतो, हे सगळ्याच पेडलांचं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ‘पिच फोर्क’ही चांगला. तीन सप्तकं वर, तीन खाली, आणि कॉर्डही सांभाळतो. पण हे दोन्ही नवे घेतलेस तर सात हजारांत येत नाहीत.

भाची : आणि ते छोटे चिनी? मूअरचा ‘पिच बॉक्स’, डॉनरचा ‘हार्मोनिक स्क्वेअर’? आमच्या हॉस्टेलवर एकाकडे आहे.

मामा : वाईट नाहीत. तुझ्या बजेटच्या आसपासचे आहेत. एकेक स्वर वाजव, सप्तक लाव, किंवा सूर किंचित हलवून आवाज रुंद करायचा असेल तर तो डीट्यून लाव. छान चालतात. तुझा रिफ त्यात उत्तम वाजेल. पण मोकळा ई कॉर्ड अर्धा स्वर खाली नेऊन चार मात्रा धरून ठेवलास, तर मला ते पटत नाही. बेहरिंगरचा यूएस-600 प्लास्टिकच्या डब्यातला, त्यात हार्मनीही आहे. तोही त्याच रांगेतला.

भाची : हार्मनी म्हणजे दोन गिटार एकदम वाजल्यासारखं?

मामा : हो, पण त्यात पेडलला पट्टी सांगावी लागते. साच्या जोडीला ग लावलास तर अंतर चार अर्ध्या स्वरांचं. रेच्या जोडीला म, तिथे तीनच. पेडलने सरसकट चार लावले तर रेवर तीव्र मध्यम वाजेल. बॉसच्या पीएस-6 सारख्यांत पट्टी निवडता येते. तुला आत्ता नकोय ते, सोडून दे.

भाची : बरं. घेतलं तर लावू कुठे? डिस्टॉर्शनच्या आधी की नंतर?

मामा : आधी. डिस्टॉर्शन एका स्वराला दहा पिल्लं घालतं, मग त्यातला मूळ सूर ओळखणं पेडलला अवघड जातं. साफ आवाज आधी सरकव, मग हवा तेवढा खरखरव. आणि ट्यूनर पिच शिफ्टरच्याही आधी. नाहीतर तू मोकळी ई वाजवशील, ट्यूनर डी शार्प दाखवेल आणि तू बरोबर लागलेली तार पिळत बसशील.

भाची : एकाच ॲडॉप्टरवर सगळी पेडल्स चालतील?

मामा : डिजिटल पेडल करंट जास्त खातं. पेडलच्या खाली किती मिलिॲम्पिअर लिहिलंय ते बघ आणि ॲडॉप्टर तेवढा देतो का ते बघ. एकाच वायरीवर सगळी डिजिटल पेडल्स टांगलीस की बारीक शिट्टी येते. यासाठी वेगळा ॲडॉप्टर ठेव. तो खर्च सात हजारांतच धर.

भाची : दुकानात गेल्यावर काय वाजवून बघू?

मामा : स्वतःची गिटार ने. पेडल अर्धा स्वर खाली लाव. मोकळा ई कॉर्ड एकदाच छेड आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत हात लावू नकोस. शेवटाला थरथर आली की ठेवून दे. मग सहाव्या तारेवर तळहात टेकवून भराभर वाजव. ठोका आणि आवाज एकत्र येतात का ते हाताला विचार. मग पेडल बंद कर आणि तोच कॉर्ड वाजव. बंद असतानाही आवाज दबला तर तेही चालणार नाही. हे सगळं ॲम्प जरा मोठा ठेवून कर. हळू आवाजात गिटारच्या तारांचा खरा सूर कानावर येतो आणि ॲम्पमधून अर्धा स्वर खालचा. दोन्ही मिळून इतके कडू लागतात की चांगलं पेडलही वाईट वाटेल. हॉस्टेलवर रात्री सराव करशील तेव्हाही हे होणार. तिथे हेडफोन लाव.

भाची : म्हणजे तुझं म्हणणं, कॉर्डसाठी ड्रॉप आणि रिफसाठी छोटं. सात हजारांत दोन्ही कसं बसवू?

मामा : दोन्ही आत्ता नको. छोटं घे, रिफ वाजव. कॉर्डसाठी मधलं काहीतरी घेऊन दोनदा पैसे घालवू नकोस. ड्रॉप बाजारात जुनाही निघतो, आणि त्याला साधा 9 व्होल्ट डीसी चालतो. दिवाळीपर्यंत साठव. मिळाला की इकडे आण, एकत्र वाजवून बघू.

भाची : आणि गणपतीतली ती दोन गाणी?

मामा : ती पलीकडची काळी गिटार घे. तिला अकराचा संच आहे, जाड तारा, अर्धा स्वर उतरवलं तरी ढिल्या पडणार नाहीत. दोन गाणी तिच्यावर, बाकीची तुझ्या गिटारवर. मंचावर स्टँडला लावून ठेव.

भाची : सहाही तारा उतरवायच्या?

मामा : सहाही. मग पुन्हा पहिल्यापासून सगळ्या तपास, कारण सहावी उतरवून होईपर्यंत पहिली थोडी चढलेली असते. आण इकडे, ट्यूनर त्या खिडकीत आहे.